दोन बंबांच्या मधली रेघ

मुलुंड पश्चिमेची आमची इमारत यंदा रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायला दोन महिने मिळाले होते. त्यातले सात आठवडे कुणीच काही केलं नाही, आणि शेवटच्या आठवड्यात माळ्यावरचं सामान खाली उतरलं. त्यात एका बुटांच्या खोक्यात आत्याची पत्रं निघाली. माझी आत्या ऑगस्ट १९८१मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तेव्हापासून तिने आजोबांना लिहिलेली. मोजली तर ११७ भरली. सगळी ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’ अशी सुरू होणारी, आणि एकावरही तारीख नाही. ‘रविवार, रात्री ११’ किंवा ‘मंगळवार, भांडी घासून झाल्यावर’, एवढंच.

आजोबांनी ही पत्रं पाकिटांसकट ठेवली होती. पाकिटं आता नाहीत, आणि ती का नाहीत हे घरात फक्त मला माहीत आहे.

२००८च्या मे महिन्यात मी अकरा वर्षांचा होतो. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेतल्या एका मुलाने मला तिकिटं जमवायचा नाद लावला होता आणि माळ्यावर परदेशी तिकिटांचा खजिना आहे असा शोध मला लागला. दुपारी सगळे झोपलेले असताना मी प्रत्येक पाकिटाचा कोपरा कापला, परातीत कोमट पाणी घेऊन तिकिटं सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि पाकिटं रद्दीत घातली. बरीचशी तिकिटं जोडीने होती, एकाला एक चिकटलेली. माझ्या अल्बममध्ये चौकोन एकेका तिकिटाचे होते. म्हणून जोड्या मी कात्रीने मधोमध कापल्या, आणि ‘डबल’ आलेली तिकिटं मित्रांना वाटून टाकली.

गेल्या वर्षी काका गेले. (आत्याच्या यजमानांना आम्ही काकाच म्हणायचो.) पत्रं सापडल्याचं कळल्यावर आत्या फोनवर म्हणाली, “मला ती पहिल्यापासून, क्रमाने वाचायचीयत.” मी हो म्हटलं. सॉफ्टवेअरवाल्याला कुणी ‘क्रम लाव’ म्हटलं की तो आधी हो म्हणतो आणि डेटा नंतर बघतो.

डेटा होता पोस्टाच्या शिक्क्यात. अमेरिकेत यंत्राने मारलेल्या शिक्क्याचे दोन भाग असतात. डावीकडे गोल, त्यात गाव आणि तारीख. उजवीकडे नागमोडी रेघा, त्या तिकिटावर पडतात. म्हणजे मी जपून ठेवला तो तुकडा रेघांचा होता आणि तारखेचा गोल रद्दीवाल्याकडे गेला. उरलेल्या तिकिटांवरून काही कळतं का, हे शोधताना मी एका वेगळ्याच जगात शिरलो. त्या जगात माणसं तिकिटावरच्या चित्राकडे जवळजवळ बघतच नाहीत. दोन तिकिटांच्या मधली एक रेघ आणि तळाशी असलेला मुंगीएवढा आकडा, यांवर त्यांचा जीव असतो.

आपल्याकडे तिकीट म्हणजे पूर्ण ताव. काउंटरवरचा माणूस नाशिक रोडच्या प्रेसमधून आलेला मोठा कागद उलगडतो, भोकांच्या रांगेवर दुमडतो, फाडतो आणि आपण शेजारच्या भांड्यातली खळ बोटाने लावतो. भारताची तिकिटं नाशिकला छापली जाऊ लागली ती १९२०च्या दशकाच्या मध्यापासून. त्याआधी ती लंडनहून, ‘दे ला रू’ कंपनीकडून यायची. दोन्हीकडे ताव छापायची प्लेट कुठली हे सांगणाऱ्या खुणा मुख्यतः कागदाच्या कडेला असत, म्हणजे तिकीट फाडून घेतलं की खूण मागेच राहायची. ब्रिटनमध्ये काही काळ उलट होतं. तिथल्या लाल पेनी तिकिटावर १८६४पासून प्लेटचा क्रमांक चित्राच्या नक्षीतच बारीक कोरलेला असे. त्यातली ७७ नंबरची प्लेट नीट जमली नाही म्हणून बाद केली गेली, पण तिचे काही कागद बाहेर गेलेच. आज ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी शिल्लक आहेत, आणि लाखो लाल पेन्यांमधून ती ओळखायची ती फक्त त्या दोन आकड्यांवरून.

अमेरिकेत आत्या वापरत होती ती तिकिटं तावातली नव्हती. ती रोलमधली होती. सेलोटेपसारखी गुंडाळी, तिकिटं एकापुढे एक, वरची आणि खालची कड सरळ, दाते फक्त डाव्या-उजव्या बाजूला. तिकडे त्याला कॉइल म्हणतात. हा प्रकार जन्मला यंत्रामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाणं टाकलं की तिकीट देणारी यंत्रं अमेरिकेत येऊ लागली, आणि यंत्राला ताव कसा भरवणार? त्याला सलग पट्टी हवी. १९०८मध्ये तिथल्या टपाल खात्याने अधिकृत रोल काढले, तेव्हा ते कसे केले असतील? वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० तिकिटांचे ताव एकाला एक खळीने चिकटवले, मग पट्ट्या कापल्या आणि गुंडाळ्या केल्या. हाताने. पाचशे किंवा हजार तिकिटांचा रोल. त्यात दर वीस तिकिटांनी कागदाचा एक सांधा येई आणि तावाच्या मधोमध छापलेली मार्गदर्शक रेघही अधूनमधून दोन तिकिटांच्या मध्ये दिसे. ही रेघ मुद्दाम छापलेली होती, छिद्रं पाडणाऱ्याला आणि कापणाऱ्याला नेम धरता यावा म्हणून.

यानंतरची रेघ मात्र कुणी मुद्दाम छापली नाही, आणि मला आवडते ती हीच.

वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगमध्ये बेंजामिन स्टिकनी नावाचा यंत्रतज्ज्ञ होता. सपाट प्लेटवर एकेक ताव छापायचा आणि मग चिकटवत बसायचं, यापेक्षा कागदाचा अखंड पट्टा फिरत्या नळकांड्यावरून का छापू नये, हा त्याचा प्रश्न. त्याच्या यंत्रावर छापलेले रोल १९१४पासून बाजारात आले. पण कोरलेली पोलादी प्लेट तर सपाट असते. ती वाकवून अर्धगोल करायची आणि अशा दोन प्लेटा नळकांड्याभोवती समोरासमोर बसवायच्या. दोन अर्धगोल कितीही घट्ट बसवले तरी त्यांच्यात केसाएवढी फट राहते.

आता ही छपाई कशी होते ते बघा. चित्र प्लेटमध्ये खोल कोरलेलं असतं. प्लेटवर शाई फासतात, मग वरचा पृष्ठभाग पुसून घेतात, शाई फक्त खाचांत उरते. कागद जोराने दाबला की खाचेतली शाई तो उचलतो. म्हणून अशा तिकिटावर अंगठा फिरवला तर शाई किंचित उंच लागते, कोऱ्या नोटेवर लागते तशी. पण यंत्राला खाच म्हणजे खाच. ती कोरणाऱ्याने केलेली आहे की दोन प्लेटांच्या मधली फट आहे, हे त्याला कळत नाही. फरशी पुसल्यावर पाणी लाद्यांच्या सांध्यात राहतं, तशी शाई त्या फटीत राहते आणि कागदावर एक उभी रेघ उमटते. हीच जोडरेषा. स्टिकनीच्या यंत्रावर आडव्या रोलसाठी प्लेटच्या घेरात १७ तिकिटं बसत, म्हणून रेघ दर १७ तिकिटांनी यायची. रोल उलगडत गेलात आणि रेघा मोजल्यात, तर नळकांड्याचा परीघ हातात मिळतो. इंजिनिअरिंगला आम्हाला चार वर्षांत कुणी इतकं साधं रिव्हर्स इंजिनिअरिंग दाखवलं नव्हतं.

प्लेट वाकवल्याचा आणखी एक पुरावा तिकिटाच्या अंगावर राहतो. सपाट पत्रा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि बाहेरच्या बाजूलाच चित्र असतं. त्यामुळे तेच चित्र सपाट प्लेटवर साडेअठरा ते एकोणीस मिलिमीटर रुंद, तर फिरत्या यंत्राच्या आडव्या रोलवर साडेएकोणीस ते वीस. हा जेमतेम एक मिलिमीटर संग्राहकांना फार उपयोगी पडला, कारण तावातल्या साध्या तिकिटाचे दोन बाजूंचे दाते कापून ‘दुर्मिळ कॉइल’ म्हणून विकणारे तेव्हाही होते. कात्रीने दाते जातात, पण चित्र रुंद होत नाही.

प्लेटचा नंबर मात्र या रोलवर दिसत नसे. तो प्लेटच्या कडेला असायचा आणि पट्ट्या कापताना छाटला जायचा. कापणी चुकली तरच अर्धामुर्धा आकडा कुणाच्या तरी तिकिटावर यायचा. हे बदललं १९८१मध्ये. कडेवरचे पाच-सहा आकडी लांबलचक क्रमांक गेले, प्रत्येक तिकिटाच्या प्लेटा १, २, ३ अशा मोजायच्या ठरल्या आणि रोलच्या ठरावीक तिकिटावर, चित्राच्या खाली, तो आकडा बारीकसा छापला जाऊ लागला. त्याच वर्षी जुन्या वाहनांची एक मोठी मालिका सुरू झाली, ती १९९५पर्यंत चालली. बग्गी, आगगाडीचं इंजिन, टांगा, रुग्णवाहिका, सगळी रोलमधली. चित्रं सुंदर आहेत, एकरंगी, कोरीव.

योगायोग म्हणजे आत्या अमेरिकेत उतरली तीही १९८१मध्येच. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षीचं. १९६५च्या नव्या कायद्यानंतर तिकडे गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर तोवर स्थिरावत होते आणि त्यांच्या घरी आत्यासारख्या नव्या नवऱ्या येत होत्या. फोन महाग. मुलुंडच्या आमच्या घरी तो नव्हताच. जे काही होतं ते पत्रात.

आणि पत्राला दोन तिकिटं का, याचं उत्तर टपालदरात सापडलं. नोव्हेंबर १९८१पासून अमेरिकेतल्या अमेरिकेत पत्र २० सेंटला जाई. भारतात विमानाने, अर्ध्या औंसापर्यंत, ४० सेंट. बरोबर दुप्पट! फेब्रुवारी १९८५मध्ये दर वाढले, तेही २२ आणि ४४. ही दुप्पट १९८८च्या एप्रिलमध्ये मोडली. देशात २५ झाले आणि भारताला ४५. म्हणजे जोडीने लावलेली वीस-वीसची तिकिटं असतील तर पत्र १९८१ अखेर ते १९८५ची सुरुवात यांमधलं असणार. बावीस-बावीसची असतील तर त्यानंतरचं, १९८८पर्यंतचं. ४० सेंटचं विमान टपालाचं वेगळं तिकीटही मिळायचं, पण त्यासाठी पोस्टात जावं लागे. मी फोनवर विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, “अरे, स्वयंपाकघरात फोनच्या खाली एक ड्रॉवर होता, त्यात शंभराचा रोल असायचा. मुलुंडला दोन, बाकी सगळ्या जगाला एक.”

बाकी सगळं जग म्हणजे वीजबिलाचा चेक, भाड्याचा चेक आणि कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली एक मैत्रीण.

माझ्या अल्बममध्ये उरलेल्या तिकिटांत १९ तिकिटं एकाच चित्राची होती. तांबड्या रंगाचा आगीचा बंब, १८६०च्या काळातला, घोड्यांनी ओढायचा. किंमत २० सेंट, निघालं डिसेंबर १९८१मध्ये. ते ‘कॉट्रेल’ नावाच्या यंत्रांवर छापलं गेलं. ही यंत्रं १९५०च्या दशकात आली आणि स्टिकनीच्या यंत्रांची जागा त्यांनी घेतली, पण घडण तीच, नळकांड्याभोवती दोन वाकवलेल्या प्लेटा. फक्त घेर मोठा, त्यामुळे रेघ दर २४ तिकिटांनी. नंबरही दर २४ तिकिटांनी, रेघेच्या शेजारच्या तिकिटावर. बंबाच्या एकूण सोळा प्लेटा वापरल्या गेल्या, १ ते १६.

इथे मी एक संध्याकाळ गणितात घालवली. रेघ २४ तिकिटांनी येते आणि आत्या प्रत्येक पत्राला दोन तिकिटं फाडते. २४ ही सम संख्या. म्हणजे ती दर वेळी दोनच फाडत राहिली तर दोन शक्यता. एक तर प्रत्येक बाराव्या जोडीच्या बरोबर मध्ये रेघ येणार, नाही तर कधीच येणार नाही, सगळ्या रेघा जोड्यांच्या कडेला पडणार. कुठली शक्यता खरी, ते रोलच्या पहिल्या तिकिटावर ठरतं. पण मध्येच एखादा वीजबिलाचा चेक गेला की एक तिकीट कमी होतं आणि सम-विषम उलटतं. स्टिकनीच्या काळात अंतर १७ होतं, विषम, तिथे एक आड एक रेघ आपोआप जोडीत आली असती. शंभराच्या रोलमध्ये कॉट्रेलच्या चारच रेघा येतात, फार तर पाच. तेव्हा मुलुंडला आलेल्या एखाद्या पाकिटावर रेघ असेलच याची काही खात्री नव्हती.

मी एकोणीस बंब टेबलावर मांडले आणि जोड्या लावत बसलो. चित्र सगळ्यांचं एकच, म्हणून त्यावरून काही कळत नाही. पण शिक्क्याच्या नागमोडी रेघा एका तिकिटावरून दुसऱ्यावर सलग गेलेल्या असतात. कात्रीने कापलं तरी लाट जिथे तुटली तिथेच ती पुढच्या तिकिटावर सुरू व्हायला हवी. लाटांची उंची, शाईचा फिकटपणा, तिरपेपणा. फोनने फोटो मोठे करून तीन रात्रींत सहा जोड्या जुळल्या. सात बंबांचे जोडीदार बहुधा २००८ साली कुणाच्या तरी अल्बममध्ये गेले.

जुळलेल्यांपैकी चौथी जोडी लावताना डाव्या तिकिटाच्या उजव्या दात्यांच्या टोकांवर तांबडे ठिपके दिसले. आधी वाटलं शाई पसरलीय. मग उजव्या तिकिटाची डावी कड बघितली. तिथेही तसेच. जोडरेषा ही भोकांच्या रांगेवरच पडते, त्यामुळे तिचा बराचसा भाग छिद्रं पाडतानाच निघून जातो. उरतात ते दोन भोकांच्या मधल्या पुलांवरचे तुकडे, आणि तिकिटं वेगळी केली की तेही अर्धे-अर्धे होतात. दोन्ही तिकिटं एकमेकांजवळ सरकवली. तुटक, पण सरळ रेघ. एका तिकिटाच्या तळाशी, भिंगाखाली, ५ हा आकडा.

मी ज्या रेघेवरून नेम धरून कात्री चालवली होती ती ही.

तिकिटांच्या दुनियेत कात्रीचा इतिहास मोठा आहे, याने मला थोडा धीर आला. १८५४मध्ये सबंध हिंदुस्थानसाठी पहिली तिकिटं निघाली, ती कलकत्त्याला दगडावरून छापलेली होती. त्यांना भोकंच नव्हती, कापूनच घ्यायची. त्यातलं चार आण्याचं तिकीट दोन रंगांचं, लाल अष्टकोनी चौकट आणि आत निळी राणी. बऱ्याच लोकांना ती चौकट इतकी आवडली की त्यांनी तिच्या कडेकडेने अष्टकोनी कापून तिकीट लावलं. दिसायला छान दिसलं असणार. आज तसं कापलेलं तिकीट आणि चारही बाजूंना कोरी कड राखलेलं तिकीट, यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक आहे. कापणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. त्याला पत्र पाठवायचं होतं.

पाकिटाचं महत्त्व मला पटलं ते मात्र दुसऱ्या एका गोष्टीने. १९११मध्ये अमेरिकेत तीन सेंटच्या एका कॉइलची अगदी थोडी छपाई झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंजबर्ग गावची एक औषध कंपनी डॉक्टरांना औषधांचे नमुने पाठवायची, तिच्या यंत्रासाठी. तिकीट दिसायला नेहमीचंच, त्यामुळे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे हा प्रकार ओळखला गेला तो मुख्यतः ऑरेंजबर्गच्या शिक्क्यावरून. ज्या डॉक्टरांनी आवरणं फेकून दिली, त्यांच्याबरोबर तिकिटंही गेली. आज ते विसाव्या शतकातल्या सर्वांत दुर्मिळ अमेरिकी कॉइलांपैकी एक मानलं जातं.

जोडरेषेचा शेवट फार लवकर झाला. कॉट्रेल यंत्रं १९८५मध्ये बंद झाली. नंतरच्या यंत्रांवर दोन अर्ध्या प्लेटांऐवजी एकच अखंड बाही नळकांड्यावर चढू लागली. सांधा नाही, म्हणून फट नाही, म्हणून रेघ नाही. नंबर राहिला, पण आता एका यंत्रावर तो दर ५२ तिकिटांनी आणि दुसऱ्यावर दर ४८ तिकिटांनी येऊ लागला. नव्या घेरात जुनं चित्र बसेना, म्हणून इंजिन, टांगा यांसारखी काही चित्रं जरा अरुंद करून पुन्हा कोरली गेली. संग्राहकांचा यात मोठा गोंधळ उडाला असणार. त्यांच्यासाठी १९८१ ते १९८५ हा फार छोटा काळ आहे, ज्यात रेघ आणि नंबर दोन्ही एकत्र सापडतात. छपाईच्या दृष्टीने बघितलं तर रेघ जाणं ही सुधारणाच. मला तरीही अखंड बाहीवर छापलेली तिकिटं जरा मुकी वाटतात.

तर रेघ सापडली. पण क्रमाचं काय? बंबांच्या जोड्यांनी एवढंच सांगितलं की १९८१च्या डिसेंबरनंतर आणि १९८५च्या फेब्रुवारीपूर्वी किमान सहा पत्रं आली. कुठली सहा, हे सांगायला तिकीट आणि पत्र एकत्र असायला हवं होतं. मग मी तिकिटं सोडून पत्रं वाचायला घेतली. एकात, ‘रविवार, रात्री ११’ या पत्रात, आत्या लिहिते की परवा दुपारपासून असा बर्फ पडला की खालच्या गाड्या दिसत नाहीत, हे ऑफिसातून चालत आले आणि मी दारात रडत बसले होते. ईशान्य अमेरिकेतली त्या वर्षांतली मोठी हिमवादळं शोधली, तर दोन समोर आली. एक ६ एप्रिल १९८२चं आणि दुसरं ११-१२ फेब्रुवारी १९८३चं. ६ एप्रिलला मंगळवार होता. ११ फेब्रुवारीला शुक्रवार. रविवारी ‘परवा’ म्हणजे शुक्रवार. माझ्या यादीत पहिली तारीख लागली: १३ फेब्रुवारी १९८३. तरी ती माझीच जुळवाजुळव होती, पुरावा नव्हता.

मी हे आत्याला सांगितलं. पाकिटं मी कापली, हेही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दादांची पत्रं आहेत की माझ्याकडे.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्या लिहायची तसे आजोबाही लिहायचे, आणि आजोबा आयुष्यभर गिरगावातल्या एका छापखान्यात मशीनवर होते. ते तारखेशिवाय काही लिहीत नसत. वाण्याच्या यादीवरही तारीख घालायचे. त्यांची पत्रं निळ्या एअरोग्रामवर असत. तिकीट त्याच्यावरच छापलेलं, घडी घालायची आणि कडेने चिकटवायचं, म्हणजे पाकीट आणि पत्र एकच. कापायला काही नाही. त्यावर मुलुंडचा शिक्का आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शेवटी ४०००८०. या सहा आकड्यांचा आजोबांना अभिमान होता. पिनकोडची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या आपल्या कोकणातल्या माणसाने, संस्कृत पंडिताने, बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ला ती सुरू झाली, हे त्यांनी मला शाळेत जाण्याआधीच पाठ करून घेतलं होतं.

आतेभाऊ आता दर रविवारी थोडे थोडे एअरोग्राम स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्याला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे क्रम कसाही असतो. तिसऱ्या रविवारी आलेल्या गठ्ठ्यात एक होता, ‘मुलुंड, शनिवार ता. २६-२-८३’ असा. मी तो उतरवून ठेवला आहे.

“चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद. तुझे बर्फाचे पत्र काल पोचले. आईने दोनदा वाचून घेतले व रडली. तू रडू नयेस, बर्फ वितळतो. पाकिटावर या खेपेस दोन तांबडे बंब आहेत, चित्र फार स्वच्छ छापले आहे. दोहोंच्या मधोमध एक बारीक तांबडी रेघ आली आहे, ती आधीच्या पाकिटांवर नव्हती. आमच्याकडे असे झाले असते तर मालकाने मशीन थांबविले असते. प्लेटचा सांधा असावा असे मला वाटते. तिकडे कोणी जाणकार भेटल्यास विचारून कळविणे. पाकीट जपून ठेविले आहे.”

आत्याने कुणाला विचारलं का, तिला आठवत नाही. उत्तर दिलं असेल तर ते माझ्याकडच्या ११७ पत्रांत कुठेतरी असणार. त्यातली ८३ वाचून झाली आहेत.